कयाधूकाठचा माल, लिव्हरपूलचा भाव

साल 1864, माघ महिना. नरसीच्या वेशीतून तुमची गाडी निघाली तेव्हा कयाधूवर धुकं होतं आणि बैलांच्या नाकपुड्यांतून वाफा निघत होत्या. गाडीत रुई आहे, डोकड्यांत गच्च भरलेली. दिवाळीपासून घरातल्या बायकांनी हातचरक्यावर सरकी काढली, तेव्हा कुठं एवढी रुई जमली. तुमच्या मिशीवर, पागोट्यावर, बैलांच्या पापण्यांवरसुद्धा तिची तुसं चिकटली आहेत. जायचं आहे खामगावला. हिंगोली, वाशीम, मालेगाव, बाळापूर अशी आठवड्याभराची वाट.

एरवी तुम्ही एवढ्या लांब गेला नसता. हिंगोलीत वाणी आहे, छावणीचा बाजार आहे, पडेल त्या भावानं माल देऊन संध्याकाळच्या आत घरी परतता येतं. पण गेल्या दोन हंगामांत काहीतरी विपरीत घडलं आहे. चार वर्षांपूर्वी रुईला जो भाव होता, त्याच्या तिप्पट-चौपट आज मिळतो, आणि तोही कलदार रुपयांत. निजामाचा हाली सिक्का घ्यायला वऱ्हाडातले व्यापारी नाक मुरडतात, कलदार मात्र कुठंही चालतो. गावातल्या शहाण्यांनी यंदा ज्वारीच्या रानातही पऱ्हाटी लावली. तुम्हीही लावलीत. कणग्या अर्ध्याच भरल्या, पण पैसा आला की दाणे विकत घेता येतील असं सगळेच म्हणत होते.

तिसऱ्या दिवशी कनेरगावजवळ पैनगंगा लागते. नदीच्या अलीकडे निजामाचा मुलूख, पलीकडे इंग्रजांचा अंमल. हद्द ओलांडताना करोडगिरी भरावी लागते, आणि करोडगिरीचा माणूस डोकड्यात हात खुपसून आत माती-दगड तर नाहीत ना, हे बघतो. ही हद्द इथं कशी आली, याची गोष्ट तुमच्या गावाशीच बांधलेली आहे. हिंगोलीच्या छावणीत हैदराबाद कंटिन्जंटची पलटण असते. तिचे अधिकारी इंग्रज, तिचा खर्च निजामाच्या माथी. तो थकत गेला, कर्ज वाढत गेलं आणि 1853 च्या तहानं निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. हिंदुस्थानातल्या उत्तम कापसाच्या मुलखांपैकी एक मुलूख फौजेच्या पगारापोटी गेला. पऱ्हाटीची काळी जमीन नदीच्या दोन्ही काठांना सारखीच आहे.

खामगावात पोचलात की आधी आवाज ऐकू येतो. शेकडो गाड्या, जुवाखाली बसलेले बैल, मारवाडी, कच्छी, भाटिये, मुंबईच्या पेढ्यांची माणसं, मधूनच एखादा टोपीवाला गोरा. तुमचा अडत्या तुम्हाला ओट्यावर बसवतो, गूळपाणी देतो आणि खरेदीदाराला बोलावतो. मग दोघांच्या हातांवर एक रुमाल पडतो. रुमालाखाली बोटं दाबली जातात, सोडली जातात, पुन्हा दाबली जातात. तुम्ही दोन हातांवर बसून आहात. माल तुमचा आहे, बैल तुमचे आहेत, ज्वारी सोडून पऱ्हाटी लावण्याची जोखीम तुमची होती, आणि भाव ठरतो आहे तो तुम्हाला न दिसणाऱ्या बोटांत. रुमाल उठतो. अडत्या आकडा सांगतो. आकडा एवढा मोठा आहे की तुम्ही काहीच विचारत नाही.

विचारलं असतं तरी अडत्याला पुरतं सांगता आलं नसतं. एप्रिल 1861 मध्ये अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण यांच्यात युद्ध पेटलं. उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं रोखली. लँकेशायरच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसाच्या चार भागांपैकी तीन भागांहून अधिक कापूस तिथून यायचा, तो थांबला. गिरण्या बंद पडल्या, विणकर उपाशी मरू लागले, आणि लिव्हरपूलच्या दलालांना मुंबई बंदराची आठवण झाली. नरसीच्या काळ्या रानातल्या बोंडाला भाव मिळाला, कारण हजारो कोसांवर गुलामगिरीच्या प्रश्नावर माणसं एकमेकांना मारत होती. तुम्ही घरी परतताना बायकोला चांदीची वाकी घेता, एक खोंड घेता, आणि सावकाराकडून पुढच्या हंगामासाठी उचलही घेता. तोही हसून देतो. कापूसवाल्याला कोण नाही म्हणतो?

आता एकच वर्ष पुढं सरका. एप्रिल 1865 मध्ये दक्षिणेच्या जनरल लीनं शस्त्रं खाली ठेवली. भाव आधीच डळमळत होता, तो कोसळला. मुंबईत कापसाच्या पैशावर कंपन्यांचं पीक आलं होतं. समुद्र बुजवून जमीन काढणाऱ्या बॅकबे कंपनीच्या शेअराचा भाव 50 हजारांवर गेला होता. 1 जुलै 1865 हा वायद्यांचा दिवस उजाडला आणि सगळा डोलारा खाली आला. बँक ऑफ बाँबेचा 2,850 रुपयांवर चढलेला शेअर 87 रुपयांपर्यंत उतरला. मुंबईचे बडे दलाल प्रेमचंद रायचंद यांचं नाव तेव्हाच्या सगळ्या हकिकतींत येतं. राजाबाई टॉवरही त्यांच्याच दानातून, त्यांच्या आईच्या नावानं उभा आहे. नरसीच्या किंवा सेनगावच्या कुठल्या कुणब्यानं त्या साली खोंड विकला, वाकी गहाण टाकली, याची नोंद कुठंही नाही. सावकाराच्या वहीत असेल.

खामगावला तुम्ही पुन्हा जाता. तोच ओटा, तोच अडत्या, तोच रुमाल. या वेळी बोटं लवकर सुटतात.

त्या भावाची दुसरी एक बाजूही सांगितली पाहिजे, कारण ती आजही तशीच लागू आहे. लिव्हरपूलला आपला कापूस कधी आवडलाच नव्हता. धागा आखूड, रुईत पाचोळा, सरकीचे तुकडे, वजनासाठी मारलेलं पाणी. गरज होती तोवर त्यांनी तोंड वाकडं करून घेतला. भेसळ रोखायला मुंबई सरकारनं 1863 मध्ये कायदाही केला. भेसळ कुणी केली? वाटेतल्या प्रत्येकानं थोडी थोडी, शेतकऱ्यानंही. ज्या चार वर्षांत गिऱ्हाईक हाताशी होतं, त्या चार वर्षांत त्याला आपल्या मालाची सवय लावता आली असती. आपण त्याला आपल्या मालाचा संशय लावला. अमेरिकेची बंदरं उघडताच तो पळाला, आणि त्याला दोष देण्यात अर्थ नव्हता. 1886 मध्ये कारंज्याला देशातला पहिला नियंत्रित बाजार सुरू झाला. वजनं तपासली जाऊ लागली, व्यवहार उघड्यावर आले. चांगलंच झालं. पण मुळात तो झाला मँचेस्टरला चोख कापूस वाजवी दरात मिळावा म्हणून. शेतकऱ्याचं भलं त्यात ओघानं आलं.

आणि कणग्या? ज्वारीची रानं पऱ्हाटीला देत गेलेल्या वऱ्हाडाला 1899-1900 च्या दुष्काळानं काय दाखवलं ते वाचताना अंगावर काटा येतो. कापूस वाहून नेणारी रेल्वे दारात होती. पण धान्य विकत घ्यायला हातात पैसा नव्हता.

आता खूप मागं चला, कारण ही कहाणी कापसाच्या गाडीपासून सुरू होत नाही. गाव तेच, नदी तीच. देवगिरीवर यादवांचं राज्य आहे. परंपरा सांगते की 1270 मध्ये याच गावी, दामाशेटी आणि गोणाई यांच्या पोटी नामदेव जन्मले. घर शिंप्याचं. ओसरीवर कात्री, दोरा, गज, आणि घडी घातलेलं जाडंभरडं कापड. कापूस जवळच्या रानातला, सूत जवळच्या घरांतलं, माग शेजारच्या गावातला, आणि या ओसरीवर त्याचा अंगरखा होतो. गिऱ्हाईक शिवलेला कपडा घेऊन जातं. बोंडापासून बंदापर्यंतची मजुरी पंचक्रोशीत वाटली जाते. त्या काळाचे गोडवे गायचे नाहीत. जातीची उतरंड होती, आणि स्वतः नामदेवांनाही ती भोगावी लागली. मी फक्त एवढंच दाखवतो आहे की त्या ओसरीतून बाहेर पडणारी वस्तू कच्ची नव्हती.

त्याच्याही बाराशे वर्षं मागं गेलात तर तेर लागेल, तेव्हाचं तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशानं बंदरांची माहिती लिहून ठेवली आहे. तो सांगतो की पैठणहून मौल्यवान खडे आणि तगरहून साधं कापड, तलम मलमल असा माल गाड्यांवर लादून भडोचला येतो. इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या इटलीतल्या पाँपेईत एक हस्तिदंती मूर्ती सापडली. तिच्याशी मिळत्याजुळत्या मूर्ती तेरला आणि भोकरदनला सापडल्या आहेत. आज मराठवाडा म्हटलं की ज्यांना फक्त टँकर आठवतो, त्यांनी तेरचं वस्तुसंग्रहालय एकदा बघावं. हा प्रदेश रोमपर्यंत विकत होता, आणि घडवून विकत होता.

पुन्हा पुढं. 1912 च्या सुमारास पूर्णेहून हिंगोलीपर्यंत रेल्वे आली. तुम्ही आता त्या गाडीवाल्याचे नातू आहात. खामगावला जायचं कारण उरलं नाही, कारण जिनिंग जवळ आलं. यंत्र एका दिवसात जेवढी सरकी काढतं तेवढी तुमच्या घरातल्या बायका महिनाभरात काढत नव्हत्या. चरका माळ्यावर गेला. श्रम वाचले, हे खरंच. त्याबरोबर रुईची जादा किंमत घराबाहेर गेली, सरकी घराबाहेर गेली, गुरांची पेंड विकत घ्यायची वेळ आली. आता तुम्ही रुई विकत नाही, बोंडातला कापूस विकता. रेल्वेनं जग जवळ आणलं, आणि तुम्ही साखळीत एक कडी मागं सरकलात.

नांदेडला 1920 च्या दशकात उस्मानशाही मिल उभी राहिली तेव्हा ती कडी परत मिळेल असं वाटलं. इथल्या गावरानी कापसाचं नाव होतं, त्याचं कापड इथंच विणलं जाऊ लागलं. भोंगा वाजला की नांदेड शहर जागं व्हायचं. पुढं तीही बंद पडली. 1930 च्या जागतिक मंदीत कापसाचा भाव निम्म्याखाली आला. 1972 पासून राज्य सरकारची एकाधिकार कापूस खरेदी आली, व्यापाऱ्याच्या जागी फेडरेशन आलं. हमीचा आधार मिळाला, पण गिऱ्हाईक पुन्हा एकच. बाहेर भाव चढला की कापूस रातोरात किनवटकडून आदिलाबादला जायचा आणि आपल्याच शेतातला माल नेणारा शेतकरी चोर ठरायचा. तो काळ अनेकांना आठवत असेल, म्हणून लांबवत नाही.

मग सोयाबीन. ऑगस्ट 2021 मध्ये क्विंटलला 10 हजारांच्या आसपास भाव बघितलेले डोळे अजून तेच शोधत असतात. त्याच महिन्यात केंद्रानं 12 लाख टन सोयापेंड आयात करायला परवानगी दिली आणि पुढच्या हंगामात भाव निम्म्यावर आला. शिकागोचा बाजार, अर्जेंटिनाचा पाऊस, मलेशियाचं पामतेल आणि दिल्लीचं आयातशुल्क, या चौघांच्या हातांवर आता रुमाल पडलेला आहे.

आणि आता हळद. इथं जरा थांबू, कारण हिंगोली जिल्ह्याचं आजचं सोनं तेच आहे.

मार्चअखेरची रात्र. हिंगोलीच्या मार्केट यार्डाबाहेर टेम्पो आणि ट्रॅक्टरांची रांग लागली आहे. यार्डाचं नाव संत नामदेव मार्केट यार्ड. तुम्ही नरसीहून दुपारी निघालात, नंबर सकाळी लागेल. मे-जूनमध्ये लावलेलं बेणं, नऊ महिने राखलेलं पीक, काढणी, कुकरमध्ये शिजवणं, पंधरा-अठरा दिवस उन्हात वाळवणं, रात्री अवकाळीची भीती, मग ढोलात पॉलिश. ओल्या हळदीचे पाच क्विंटल गेले तेव्हा वाळलेला एक झाला. चेहऱ्यावर, नखांत, बनियनवर सगळीकडे पिवळं आहे. सकाळी बीट, म्हणजे लिलाव, सुरू होतं. खरेदीदार ढिगाशी येतो, एक हळकुंड उचलतो, वाकवतो, तोडतो. कट्ट आवाज आला की मान हलते. तुटलेल्या तोंडाचा रंग बघतो, कांडीची लांबी बघतो, बंडा किती आणि कणी किती ते हातानं चाळतो. बोली लागते. मिनिटभरात तुमच्या वर्षाचा निकाल लागतो.

रुमाल आता नाही. बोली उघड आहे, काटा इलेक्ट्रॉनिक आहे, पट्टी छापील आहे. दीडशे वर्षांत मिळवलेल्या या गोष्टी कमी नाहीत. पण त्या हळकुंडात कुरकुमीन, म्हणजे हळदीतला गुणकारी घटक, किती टक्के आहे, ते सहसा कुणी विचारत नाही. कीटकनाशकाचा अंश आहे का, कुणी विचारत नाही. औषधकंपनी, मसालाकंपनी, परदेशी आयातदार नेमकं तेच विचारतात, पण ते विचारेपर्यंत माल तुमच्या हातातून तीन-चार वेळा पुढं गेलेला असतो. उत्तराचे पैसे त्याला मिळतात, ज्याच्या हातात तेव्हा माल असतो.

2010-11 मध्ये हळदीनं क्विंटलला 15 हजारांची पायरी ओलांडली. गावोगाव लोकांनी हळद लावली. 2012 मध्ये ती 4 हजारांच्या आसपास आली. पुढं बरीच वर्षं 6-7 हजारांत घुटमळली आणि ऑगस्ट 2023 मध्ये पुन्हा 15 हजारांच्या वर गेली. 1864 आणि 1865 तुम्ही आत्ताच बघून आला आहात, वेगळं काही सांगायला नको.

आता एक हिशेब मांडू, वहीवर पेन घेऊन. जगातल्या हळदीपैकी तीन चतुर्थांश हळद भारत पिकवतो. 2022-23 मध्ये देशाचं उत्पादन 11.61 लाख टन होतं. त्यातली 1.53 लाख टन हळद आणि हळदीचे पदार्थ परदेशी गेले, म्हणजे शेकडा तेरा. त्याचे मिळाले 20 कोटी 74 लाख डॉलर. किलोला सव्वा-दीड डॉलरच्या मधे, आपले सुमारे 110 रुपये. जगाच्या हळद-व्यापारात आपला वाटा तेव्हा 62 टक्क्यांहून जास्त होता. एवढी पकड तेलवाल्या देशांचीही तेलावर नाही. आणि एवढी पकड असून भाव मिळाला किलोला 110 रुपये. केंद्रानं ऑक्टोबर 2023 मध्ये राष्ट्रीय हळद मंडळाची अधिसूचना काढली, जानेवारी 2025 मध्ये त्याचं उद्घाटन झालं, आणि 2030 पर्यंत 1 अब्ज डॉलरच्या निर्यातीचं लक्ष्य समोर आहे. 2022-23 च्याच दरानं 1 अब्ज डॉलर आणायचे तर सुमारे 7 लाख 40 हजार टन हळद बाहेर पाठवावी लागेल. देशात पिकते त्याच्या जवळजवळ दोन तृतीयांश. मग आपल्या भाजीत काय घालायचं? पोती वाढवून हे लक्ष्य गाठता येणारच नाही. किलोला मिळणारा पैसा वाढला, तरच ते जमेल.

गिऱ्हाईकांची यादीही बघा. बांगलादेश, संयुक्त अरब अमिराती, अमेरिका, मलेशिया ही त्यातली मोठी नावं. 2019 मध्ये बांगलादेशात एक अभ्यास झाला. हळद पिवळीधमक दिसावी म्हणून तिथले काही प्रक्रियावाले तिला लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचा रंग लावत होते आणि बायका-मुलांच्या रक्तात शिसं सापडत होतं. सरकारनं धाडी घातल्या, दंड केले. 2019 मध्ये बाजारातल्या 47 टक्के नमुन्यांत शिसं होतं, 2021 मध्ये ते शून्यावर आलं. दोन वर्षांत! ज्या देशाला आपण माल विकतो त्यानं आपला बाजार असा धुऊन काढला, हे आपल्याकडच्या प्रत्येक पॉलिशवाल्यानं लक्षात ठेवावं. 1863 चा कायदा ज्या रोगासाठी झाला, तोच हा रोग. अमेरिकेनं ऑगस्ट 2025 मध्ये भारतीय मालावर 50 टक्के आयातशुल्क लावलं, तेव्हा निर्यातदारांच्या फोनवर जी धांदल उडाली ती सगळ्या देशानं बघितली. तुमचा माल एकाच दारानं बाहेर जात असेल, तर त्या दाराच्या मालकाचा मूड हाच तुमचा हवामान अंदाज.

"दुसरं पीक लावा" हा सल्ला आपल्याकडे फार लवकर दिला जातो. नरसीनं कापूस सोडून सोयाबीन लावलं, सोयाबीनच्या जोडीला हळद लावली. पिकं बदलली. विकणाऱ्याची जागा मात्र बदलली नाही, तो प्रत्येक वेळी कच्च्या मालाच्या ढिगाशीच उभा आहे. मलेशियाचं उदाहरण मला म्हणूनच महत्त्वाचं वाटतं. तो देशही एकेकाळी रबर आणि कथील यांच्यावर जगायचा, आणि दोन्हींचे भाव लंडनमध्ये हलायचे. त्यांनी पाम लावला, हे सगळ्यांना माहीत आहे. पण 1970 च्या दशकात त्यांनी कच्च्या पामतेलाच्या निर्यातीवर कर ठेवला आणि शुद्ध केलेल्या तेलाला सवलत दिली, हे फारसं सांगितलं जात नाही. रिफायनऱ्या मलेशियातच उभ्या राहिल्या. त्यांचं शुद्ध तेल आज हिंगोलीच्या किराणा दुकानात मिळतं आणि आपल्या सोयाबीनचा भाव पाडतं. धोरण चिकाटीनं चालवलं की एका देशाचं तेल दुसऱ्या देशाच्या शेतकऱ्याला कसं भारी पडतं, ते समोरच आहे.

आपणही एकदा जागे होतो. 1995 मध्ये जखम बरी करण्यासाठी हळदीचा वापर या गोष्टीवर अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राच्या नावे पेटंट दिलं गेलं. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. परिषदेनं जुने ग्रंथ आणि छापील पुरावे गोळा केले, पेटंटला हरकत घेतली आणि 1997 मध्ये ते रद्द झालं. आजीनं गुडघ्याला लावलेली हळद न्यायालयासारख्या जागी टिकली ती कागदामुळं. आपल्याला माहीत होतं, एवढं पुरेसं नव्हतं. लिहिलेलं दाखवावं लागलं.

परदेशी बाजारात हेच लागतं. 2024 मध्ये वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. वसमतलाच बाळासाहेब ठाकरे यांच्या नावानं हरिद्रा संशोधन व प्रशिक्षण केंद्र मंजूर झालं, शंभर कोटींचं. शेतकरी उत्पादक कंपन्या निघाल्या आहेत, काही ठिकाणी बचतगटांच्या बायका पूड दळून पाकिटं भरतात. ही सगळी सुरुवात चांगली आहे. तरी मानांकनाचा शिक्का पोत्यावर बसत नाही तोवर त्याचे पैसे होत नाहीत. मंजूर झालेली इमारत हळद शिजवत नाही. जिल्ह्यातली बहुतेक हळद अजूनही पोत्यांत भरून अख्खीच बाहेर जाते, आणि दळणं, अर्क काढणं, कॅप्सूल भरणं, या पुढच्या बऱ्याचशा कड्या दुसऱ्यांच्या गावी आहेत. माझा राग यावर आहे. पाच पिढ्या हेच बघितल्यावर राग येणार नाही तर काय?

सरकारकडून मागायच्या गोष्टी साध्या आहेत. बाजार समितीच्या आवारात नमुना तपासणी, जिचा अहवाल बिटाच्या आधी फळ्यावर लागेल. कोरडी, हवाबंद गोदामं आणि त्यांच्या पावतीवर कमी व्याजाचं कर्ज, म्हणजे मार्चमध्ये पडेल भावानं विकायची सक्ती उरणार नाही. वसमतच्या केंद्रात कुरकुमीन काढणारा छोटा प्रकल्प, जो उत्पादक कंपन्यांना भाड्यानं वापरता येईल. यातल्या कुठल्याच गोष्टीला नवा शोध लागत नाही.

आणि तुम्ही, नरसीच्या रानातले, यंदा बेणं लावण्याआधी पंचवीस घरं एकत्र बसा. सगळी हळद नका, दहातलं एक पोतं बाजूला ठेवा. त्याचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवा, कुरकुमीन आणि कीटकनाशकांचा अंश किती ते लेखी मागवा, आणि तो कागद घेऊन एक तरी गिऱ्हाईक असं शोधा, जे बिटात येत नाही. फवारणीची तारीख आणि औषधाचं नाव वहीत लिहीत जा, पुढं तेच पहिल्यांदा विचारलं जातं. ज्वारीचा पट्टा मोडू नका. भाव 15 हजारांवर असेल त्या वर्षीच हे करा. तो उतरल्यावर हातात पैसाही नसतो आणि कुणी ऐकतही नाही.